कुर्बानचाचांचं ऊन

साहेब, कुर्बानचाचांची ईद तुम्ही खाल्ली. नाव घेत नाही, पण अकोल्याच्या शिबिरात कूलरसमोर बसून गुडघे तपासत होते ते तुम्हीच.

चाचा जठारपेठेत लेडीज टेलर. बाजूचं सायकलचं दुकान माझं. चाळीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत मशीन हाणली, गुडघे गेले. मशिदीत खुर्चीवर नमाज पढायची वेळ आली, अन् शेजारच्या खुर्चीवर कोण, तर हसनैन, ज्याच्याशी चाचांचं वीस वर्षं बोलणं नाही. चाचांचा एकच ध्यास होता. बकरी ईदला पातूरचा भाऊ येतो, त्याच्या खांद्याला खांदा लावून जमिनीवर कपाळ टेकवायचं.

तुम्ही रक्ताचा रिपोर्ट पाहिला. व्हिटॅमिन डी पार तळाला. ते कमी पडलं की हाडं ठणकतात, मांड्यांतला जोर जातो अन् आधीच झिजलेल्या गुडघ्याचे हाल होतात, हे तुम्ही नर्सबाईला झकास मराठीत समजावलं. मग चाचांची टोपी पाहिली अन् हिंदीत घुसले, "चाचा, घुटनों के लिए रोज ऊन लो. एक महिना. दवा बाद में देखेंगे."

मराठीतलं ऊन सूर्याचं, हिंदीतलं मेंढीचं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. तुम्ही हिंदीत बोलले, चाचांनी हिंदीत ऐकलं. चूक कोणाची?

गुलनारचाची लोकर आणायला गेल्या. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, अकोल्यात लोकर मागणारी बाई पाहून दुकानदारानं त्यांना आधी पाणी पाजलं. चाचींनी हिरव्या लोकरीचे दोन गुडघे विणले, मांडीपर्यंत. चाचा सकाळी चढवत ते झोपतानाच उतरवत. घामोळ्यांनी पाय लाल झाले. मी विचारलं तं म्हणाले, मोठ्या डॉक्टरनं सांगतलं. मीही गाढव, म्हटलं नवीन शास्त्र निघालं असंल.

महिन्यानं तुमच्या अमरावतीच्या दवाखान्यात आलो, ईद दोन दिवसांवर. चाचांना जिना चढवताना माझी कंबर गेली. रिपोर्ट जिथल्या तिथं. तुम्ही भडकले, ऊन लिया नहीं क्या म्हणून. चाचांनी पायजमा वर केला.

तुम्ही हसले. नर्सबाई हसली. खरं सांगतो, मीही हसलो. तुम्ही म्हणाले, अहो चाचा, ऊन म्हणजे धूप!

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "मंग मराठीत कावून नाही बोलले? चाळीस वर्षं जठारपेठेतल्या बायांचे ब्लाउज शिवून राहिलो. गळा केवढा अन् बाही केवढी, हे काय त्या मले फारसीत सांगतात?"

मग तुम्ही मराठीवर आले. सकाळचं ऊन हातापायांवर, पाठीवर घ्या, आठवड्यातून एकदा व्हिटॅमिनची पुडी. झिजलेला गुडघा त्यानं नवा होत नाही, पण दुखणं कमी होईल, पायात जोर येईल, दोन-तीन महिने लागतील. हेच पहिल्या दिवशी सांगायला तुमची जीभ झिजली असती काय?

ईदगाहावर पातूरचा भाऊ जमिनीवर, चाचा मागं खुर्चीवर. बाजूला हसनैन. त्यानं वीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं अन् लोकरीचा भाव विचारला.

चाचांनी तुम्हाला माफ केलं, मी नाही केलं. चाचांना मराठी येत नाही, हे त्यांच्या कोणत्या रिपोर्टात लिहिलं होतं? तो कागद दाखवा.