थर्ड शिफ्टची सिरियल

केसरबाईंच्या घरात टीव्ही बघण्यासाठी नव्हताच. तो वाहत असायचा, गावाकडं ओढा वाहतो तसा. संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत चहाचं आधण चढलं की तो सुरू होई आणि अंथरुणं पडली की थांबे. सुना हुंदके देत, सासवा कट रचत, आणि केसरबाई त्यांच्याकडं पाठ करून मेथी निवडत.

हा सगळा थाट ज्ञानदेवांच्या झोपेसाठी होता. ज्ञानदेव चाकणच्या एका कंपनीत पत्र्याचे पार्ट ठोकणारी प्रेस चालवत आणि महिन्यातले निम्मे दिवस थर्ड शिफ्टला असत. सकाळी घरी येऊन, भाकरी खाऊन आडवे होत. पण उभी हयात प्रेसच्या दणक्यात गेलेल्या माणसाला शांततेत झोप कशी लागावी? प्रेस शॉपमध्ये आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. म्हणून दिवसाच्या झोपेत टीव्ही बंद झाला की ते ताडकन उठून बसत आणि विचारत, "काय झालं? बंद का पडलं?" मग पुन्हा झोप नाही. आणि झोप न झालेल्या माणसाला रात्री प्रेसवर पाठवायचं कसं? शेजारच्या दौलतरावांना प्रेसवर एकदाच डुलकी लागली होती. तेव्हापासून ते डाव्या हातानं चहा पितात.

त्या दिवशी अकरा वाजता साक्षीची मुलाखत होती. साक्षी त्यांची धाकटी, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. कंपनी चाकणचीच, जागा क्वालिटी विभागात, मुलाखत ऑनलाइन. पोरगी कमावती झाली की पप्पांना थर्ड शिफ्ट सोडायला लावायची, हे मायलेकींनी भाजी निवडता निवडता कधीच ठरवून टाकलं होतं. स्वयंपाकखोलीच्या दाराला पडदा लावून मैत्रिणीचा लॅपटॉप ओट्यावर मांडून झाला होता, मागच्या भिंतीवरचे डबेसुद्धा पुसून झाले होते. आणि साडेदहाला मेसेज आला, महिन्याचा डेटा संपला. आता नेट चालेल, पण मुंगीच्या पावलानं.

साक्षीनं जिन्यात जाऊन नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सगळा डेटा टीव्हीनं खाल्लाय, वाढवून घेतला तरी दुपारशिवाय चालू होणार नाही. केबल तर नेट घेतलं तेव्हाच काढून टाकलेली. मोबाइलला रेंज हवी तर जिन्यात जावं लागे, आणि जिन्यात उभं राहून कोणी मुलाखत देतं का?

केसरबाईंना हे मुळी पटेचना. "अगं, आपण बघतच नाही तर संपला कसा? तो आपला त्याचा त्याचा बोलायलाय."

"मम्मी, बोलायलाच डेटा लागतो."

एवढ्या नेटवर एकच काहीतरी चालणार होतं; टीव्ही बंद केला तर मुलाखत कशीबशी निभावली असती. पण मग पप्पा उठणार. केसरबाईंनी मिक्सर लावून पाहिला. ज्ञानदेवांनी कूस बदलली, कपाळाला आठी आली. त्यांना झोपायला माणसांचं भांडण लागे. भीमगीत म्हणावं तर त्याहून पंचाईत, हा माणूस एकेकाळी मंडळाचा ढोलकीवाला. पहिल्या ओळीला जागा होईल आणि दुसरीला ताल धरील. केसरबाईंचा फोन बटणांचा, त्यात गजराशिवाय काही वाजत नव्हतं.

अकराला दोन मिनिटं होती. केसरबाईंनी पदर खोचला, नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि लेकीला हातानं खूण केली, कर बंद.

टीव्ही थांबला. ज्ञानदेवांची पापणी हलली. तेवढ्यात केसरबाई नाकातून बोलल्या, "या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, सूनबाई!" आणि लगेच पातळ आवाजात, "सासूबाई, मी गरीब घरची असले तरी चोर नाही." ज्ञानदेवांनी समाधानानं सुस्कारा सोडला.

पडद्यापलीकडं साक्षीची मुलाखत सुरू झाली, पडद्याअलीकडं सिरियल. केसरबाईंनी सुनेला घराबाहेर काढलं, नणंदेला विष कालवायला लावलं, मेलेला नवरा परत आणला. एपिसोड मात्र संपायचं नाव घेईना. शेवटी संवाद आटले तेव्हा त्या आईकडून शिकलेल्या ओव्यांच्या चालीवर घसरल्या,

"सासू मी गं तुझी, नाही घरची मोलकरीण,
किल्ली कमरेची देईन, आधी चहा मी पिईन."

लॅपटॉपमधल्या मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्यांनी विचारलं, घरी काही भांडण चाललंय का, हवं तर नंतर कधी बोलू. साक्षीला ठाऊक होतं, तो 'नंतर कधी' कॅलेंडरात नसतो. बहाणा करायला जीभ वळेना.

"भांडण नाही, मॅडम. मम्मी सिरियल करतेय. पप्पांची थर्ड शिफ्ट झालीय, आणि टीव्ही बंद असला की ते उठतात."

मग मॅडमशेजारी बसलेले साहेब पुढं वाकले.

"प्रेस शॉप?"

"हो, सर."

"वाटलंच. आमचे वडील बातम्यांवर झोपायचे. मला सांगा, आवाज थांबला की माणूस उठतो. आणि आवाज बदलला तर?"

साक्षीनं क्षणभर दाराच्या पडद्याकडं पाहिलं. "तर त्याच्याही आधी उठतो, सर. पप्पा म्हणतात, पार्ट खराब निघण्याआधी प्रेस सांगते. ऐकणारा पाहिजे."

पुढचे प्रश्न सगळे त्याच वाटेनं गेले, आणि त्या वाटेवर साक्षी लहानपणापासून अनवाणी चाललेली होती.

मुलाखत संपली तशी ती पडदा सारून बाहेर आली. सांगायला तोंड उघडणार, तर केसरबाईंनी डोळे वटारले. पप्पांची झोप अजून कच्ची होती. मग साक्षी उशाच्या दुसऱ्या बाजूला बसली, आवाज बारीक केला आणि म्हणाली, "सासूबाई, गुरुवारी मला प्लांटवर बोलावलंय. सगळे कागद घेऊन."

केसरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण नाकातला आवाज त्यांनी ढळू दिला नाही. "कोणाला विचारून निघालीस, सूनबाई?"

"तुम्हालाच विचारून, सासूबाई."

"मग जा. माझी हिरवी साडी नेस, आणि उपाशी जाऊ नकोस."

ज्ञानदेव डोळे न उघडता पुटपुटले, "सासू सुधारली वाटतं."

मायलेकींनी तोंडावर पदर आणि ओढणी दाबली. हसू आवरल्यावर केसरबाई पुन्हा कडाडल्या, कारण सासू सुधारली तर सिरियल संपते, आणि ज्ञानदेवांची अजून निम्मी झोप बाकी होती.