बस्त्याच्या खोलीतली पाखरं

मंगळवारी, तीन फेब्रुवारीला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बायनाबाईंनी बस्त्याच्या खोलीचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. खोलीत पाखरं होती. पांढरी, जाड अंगाची, बोटाच्या पेराएवढी. भिंतीवर, खिडकीच्या गजांवर, आहेरासाठी आणलेल्या टॉवेल-टोप्यांच्या थप्प्यांवर, सगळीकडं पाखरंच पाखरं. उडत मात्र एकही नव्हतं. बसल्या जागी पंख फडफडवत होती आणि खोलीभर सुपात ज्वारी पाखडल्यासारखा आवाज भरला होता.

"राधाकिशन," त्यांनी लेकाला हाक मारली, "तुझी पाखरं निगाली बरं का. पर जायाचं नाव घेईनात."

राधाकिशन चूळ न भरताच धावत आला आणि आईच्या खांद्यावरून आत बघत राहिला. चकलांब्यात गेली सात वर्षं तो रेशमाचे किडे पाळत होता. दोन एकर तुती, बांधाला जाळीची शेड, वर्षाला पाच पिकं. अळी कधी झोपते, कधी कात टाकते, कधी खायची थांबते हे तो तासावर सांगायचा. पण कोषातून बाहेर आलेलं पाखरू त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. रेशीम करणारे सहसा पाहतच नाहीत. कोष तयार झाला की आठवड्याच्या आत बाजारात न्यायचा. पुढं कारखान्यात तो उकळतात, आतला किडा मरतो आणि सलग धागा सुटतो. पाखरू बाहेर आलं म्हणजे कोष फुटला, धागा तुटला, माल गेला. पाखरू दिसणं ही नामुष्की.

या खेपेला ती नामुष्की त्यानं मुद्दाम ओढवून घेतली होती. कारण होती आरोही.

आरोही ही त्याची एकुलती लेक. वय सव्वीस, अंबाजोगाईत एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ. दोन वर्षांपूर्वी तिनं दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. पायात कापडी बूट आले, थंडीत लोकरी शालीऐवजी सुती चादर आली. पहिला महिनाभर बायनाबाईंनी नात वाळून जाणार म्हणून देवाला साकडं घातलं. मग एका दुपारी आरोहीनं आजीच्याच ताटाचा हिशेब मांडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, शेवग्याचा पाला, कारळं, तीळ.

"आजी, तुझ्या-माझ्यात फरक फक्त चहाचा हाय," ती म्हणाली. "आन् माझ्या रविवारच्या गोळीचा. बी-बारा ताटातनं मिळत न्हाई, ते मी गोळीतनं घेते."

बायनाबाईंचं समाधान झालं. राधाकिशनचंही झालं होतं. अडलं ते दिवाळीत, लग्न ठरल्यावर. तो शालूचं बोलायला गेला आणि लेकीनं साधा प्रश्न विचारला, "नाना, एका शालूला कोष किती लागतात?"

धंद्याचा प्रश्न विचारला की राधाकिशनला राहवत नाही. "पाचेक हजार धर," तो छाती फुगवून म्हणाला, आणि शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडता पडता त्याला कळलं की आपण गेलो.

"पाच हजार जीव उकळून मी अक्षता घेऊ?"

"अगं, त्याच किड्यानं तुला होस्टेलात ठिवलं. शिकवलं."

"म्हणूनच तर, नाना."

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी राधाकिशननं माघार घेतली, पण पुरती नाही. शालू नको तर नको, साडी सुती घे. पण अंगावर एक शेला तरी आपल्या घरच्या कोषांचा असू दे. सात वर्षं बाप काय करत होता ते मांडवात दिसू दे. आरोहीनं रात्रभर विचार करून अट घातली: त्या शेल्यासाठी एकही किडा मरता कामा नये. किड्याचं पाखरू होऊन ते बाहेर पडावं, मग मागं राहिलेला फुटका कोष कातून, विणून घ्या. मी घालीन.

म्हणून जानेवारीच्या पिकातले दोन किलो कोष, मोजून बाराशे, राधाकिशननं विकले नाहीत. मुंग्या आणि उंदीर कोषाला सोडत नाहीत. घरात सगळ्यात जपलेली जागा म्हणजे बस्त्याची खोली. तिथं परातींत कोष पसरले आणि पाखरं फुलपाखरासारखी भुर्रकन उडून जातील या हिशेबानं त्यानं खिडकी उघडी ठेवली. सात वर्षांच्या अनुभवात या हिशेबाला काडीचाही आधार नव्हता.

बुधवारी दुपारी आरोही रजा टाकून एसटीनं आली. खोलीच्या दारात उभी राहिली आणि हसत हसत खालीच बसली. मग एक पाखरू तळहातावर घेऊन न्याहाळू लागली.

"नाना, ह्याला तोंड कुठं हाय?"

राधाकिशननं रेशीम कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी सांगितलं ते त्यानं जसंच्या तसं मोठ्यांदा सांगितलं, "खाण्याजोगं तोंडच नसतं म्हणं. खात न्हाई, पीत न्हाई. आठ दिवस जगतं आन् आपल्या मरणानं मरतं. ह्याला उडताबी येत न्हाई."

"म्हंजे ही तुझ्याबी म्होरं गेली की ग," बायनाबाई नातीला म्हणाल्या. "तू निदान भाकर तरी खातीस."

हसणं थांबलं ते आरोहीनं वरचा टॉवेल उचलला तेव्हा. त्यावर तांबूस डाग होते. पाखरू कोषातून निघताना अंगातलं पाणी टाकतं, त्याचे. आणि डागांच्या मधे मोहरीपेक्षा बारीक पिवळे दाणे, ओळीनं चिकटवल्यासारखे.

राधाकिशनला ओळखायला क्षणही लागला नाही. असे दाणे तो दर पिकाला कागदावर विकत आणायचा. दोनशे पाखरांची अंडी आणली की शेड भरून जायची. इथं बाराशेतली निम्मी माद्या धरली तरी सहाशे, आणि एकेकीची चारशे अंडी. पाव लाख नव्हे, जवळजवळ अडीच लाख. दीडशे टॉवेलांवर, दीडशे टोप्यांवर, नवरदेवाच्या उपरण्यावर.

"सावित्रीला काय सांगू?" तो पुटपुटला. त्याची बायको पत्रिका वाटायला परळीला माहेरी गेली होती. बस्ता तिनं बांधला होता, तोही तीन दुकानं पालथी घालून.

"सांग, नजर लागू न्हाई म्हणून तिटा लावल्यात," बायनाबाई म्हणाल्या.

आरोही मात्र टॉवेल हातात धरून उभी होती. "ही फुटली तर खातील काय?"

"तुतीचा पाला. दुसरं काय खात न्हाईत."

"पाला हाय?"

पीक निघालं की बाग छाटायची, ही रीत. राधाकिशननं रविवारीच छाटली होती. शेतात आता गुडघाभर खुंट उभे होते.

"म्हणजे बाराशे वाचवले आन् अडीच लाख उपाशी मारायचे," ती म्हणाली. रागानं नाही, परीक्षेत गणित चुकल्यावर म्हणतात तसं. "अट मीच घातली, नाना. अर्धीच घातली."

"मग शेला?"

"थांबा ना. आधी हे बघू."

साहेबांना पुन्हा फोन झाला. त्यांचं उत्तर असं: अंडी दोन प्रकारची असू शकतात. तीन-चार दिवसांत करडी पडली तर ती झोपली. थंडी खाल्ल्याशिवाय उठत नाहीत, महिनोन्‌महिने तशीच राहतात. पिवळीच राहिली तर दहा-बारा दिवसांत फुटतील. कोणती कशी निघेल हे आज सांगता येणार नाही.

तोवर कामं थांबवून चालणार नव्हतं. लग्न बावीस तारखेला. पैठणच्या विणकरानं उभे सुती धागे मागावर चढवून ठेवले होते. आडवं रेशीम त्याला पंधरापर्यंत हवं होतं. फुटके कोष रिकामे झाल्याची खात्री आरोहीनं एकेक हलवून केली. मग राधाकिशननं ते धुण्याच्या सोड्यात उकळले.

"शेवटी उकळलंच की रे," बायनाबाई म्हणाल्या.

"घर उकळतोय, माय. बिऱ्हाड बाहेर हाय."

शुक्रवारी सकाळी गेवराईहून इसाकभाई आले. ते पिढीजात पिंजारी. गाद्यांचं काम आता यंत्रावर करतात, पण जुनी पिंजण त्यांनी ठेवली आहे. त्यांनी कोषांचा गोळा तिच्यावर धरला, दोन टणत्कार केले आणि तार गुंतून बसली.

"राधाकिशनराव, चाळीस साल कापूस पिंजला. कापूस गरीब जात. ही तुमची लेक हाय, ऐकत न्हाई."

"कोन, रेशीम का आरोही?"

"दोन्ही," इसाकभाई म्हणाले आणि पिंजण बाजूला ठेवून मांडी घालून बसले. रेशीम पिंजायचं नाही, हातानं उकलायचं, हे त्यांनीच शोधून काढलं. दुपारपर्यंत कोष उकलून दुधाच्या सायीसारखे पातळ पापुद्रे झाले. आरोही म्हणाली, सायीसारखे कशाला म्हणता, शेवरीच्या कापसासारखे म्हणा. मग सगळ्यांनी तसं म्हटलं. चहा दोन भांड्यांत झाला, एकात शेंगदाण्याचं दूध. इसाकभाईंनी चुकून तोच कप उचलला, संपवला, आणि दुसरा मागितला.

कातायला बायनाबाई बसल्या. चौथीपर्यंतच्या शाळेत त्या टकळी शिकल्या होत्या. साठ वर्षांत हात लावला नव्हता. पहिल्या तासाला धागा दर वीतभर तुटला; संध्याकाळी तो हातभर टिकू लागला.

शनिवारी राधाकिशन शेजारच्या धुळाजीच्या मळ्यात गेला. गावात त्याच्याच तुतीला अजून पाला होता आणि तो मंगळवारी छाटणार होता.

"दोन सऱ्या ठेव वीस तारखेपर्यंत," राधाकिशन म्हणाला.

"कावून? तुझ्या शेडात तर झाडू फिरलाय."

राधाकिशननं सांगितलं. धुळाजी बांधावर बसून पोट धरून हसला. "बरं, अळ्या वाढवल्या. पुना कोष करतील, पुना पाखरं निघतील, पुना अंडी घालतील. मंग बे? कुटवर?"

"तू सऱ्या ठेव," राधाकिशन म्हणाला.

"ठिवतो. सोयऱ्यांच्या टोपीत अळ्या फिरताना बघायच्यात मला."

रविवारी, आठ तारखेला सकाळी आठ वाजता बाप-लेकीनं अंगणात चादर अंथरून मोजणी केली. एकशे सेहेचाळीस टॉवेल आणि एकशे पंचेचाळीस टोप्यांवरची अंडी करडी पडली होती. उपरण्यावरचीही करडी. चार टॉवेल आणि पाच टोप्या पिवळ्याच. त्या आरोहीनं वेगळ्या टोपलीत घेतल्या, टोपली तिवईवर ठेवली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून तिवईचे तिन्ही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले.

राधाकिशननं बायनाबाईंनी कातलेलं सूत काट्यावर टाकलं. अडतीस ग्रॅम. विणकराला एकशेवीस लागणार होतं. त्यानं सुताची गुंडी लेकीच्या खांद्यावर धरून पाहिली. उन्हात गुंडीचा रंग शालूसारखा झळकत नव्हता. नुसता उबदार, मळकट पांढरा दिसत होता. आरोहीनं गुंडी काढली नाही. गालाला लावून पाहिली.

"मग घालशील?" त्यानं विचारलं.

"पिवळी काय करतात ते बघू द्या."

"आन् न्हाई फुटली तर?"

"तर करड्यांचं काय करायचं ते ठरवू. तीबी जितीच हायेत, नाना. झोपल्यात फक्त."

साडेआठला सावित्रीबाईंचा फोन आला. परळीहून गाडी मिळाली होती, दुपारी तीनपर्यंत गेवराईला पोचणार होत्या. बस्त्यातल्या पाच टोप्या गावात आजच द्यायच्या आहेत, काढून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. कोणत्या पाच, ते सांगितलं नाही; अंड्यांचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

बायनाबाईंची टकळी फिरत होती. धुळाजीच्या दोन सऱ्या उभ्या होत्या. टोपलीतल्या अंड्यांचा पिवळा रंग दहा वाजेपर्यंत बदललेला नव्हता.