सुलिनाचं पाणी

डॅन्यूबची पातळी मोजणारं आमचं कार्यालय तुल्चाला, पण नोंदी साठवणारा सर्व्हर बुखारेस्टला. वसंतात वरून हुकूम आला: नोकरी सोडून गेलेल्यांना नोंदी वाचता येता कामा नयेत. इथे बसून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरसाठीच्या आज्ञांची यादी, पाठवली की प्रत्येक फाइल वाचण्याची बाहेरच्यांची परवानगी निघणार होती. मी ती लिहून ठेवली होती. चालवत मात्र नव्हते.

कारण आर्तिओम. मूळचा सुलिनाचा, नदी समुद्राला मिळते तिथल्या बंदराचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, नॉर्वेत बर्गनला निघून गेलेला. पत्र नाही, फोन नाही. पण त्याच्या खात्यावरून रोज सकाळी एकच फाइल वाचली जाई: सुलिनाच्या धक्क्यावरची पाण्याची पातळी. ते पाहिल्याशिवाय मी कॉफीला हात लावत नसे.

"अगं, चालव की एकदाची," समोर बसणारी व्हेतुरिया म्हणाली. "दार बंद दिसलं तर ठोठावेल तरी. नाहीतर जन्मभर खिडकीतून बघत बसेल, आणि तू त्याला बघत बसशील."

मी चालवली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्त्यावरून मेल आली. "स्मरांदा, सुलिनाचं पाणी दिसत नाही. बघतेस का जरा?"

"ठोठावलं!" व्हेतुरिया खुर्ची ओढत आली. "वाच, पुढे वाच."

पुढे बारीक अक्षरांत होतं: हा संदेश आपोआप पाठवला आहे.

तेव्हा आठवलं. तो प्रोग्राम त्यानं इथेच लिहिला होता. सुलिनाचं मापक बिघडलं की दुरुस्तीला मी जायचे, म्हणून फाइल वाचता आली नाही तर मला कळवायचं, ही त्याचीच सोय. जाताना प्रोग्राम सोबत नेला, ते वाक्यही तसंच राहिलं. रोज सकाळी येत होता तो प्रोग्राम. आर्तिओम ते आकडे बघतो की नाही, हे सर्व्हरला ठाऊक नसतं.

व्हेतुरियानं खुर्ची मागे नेली. "मग ती फाइल त्याच्यापुरती उघडून टाक बाई. उगीच रोज छळेल."

एका फाइलची परवानगी, एक ओळ. मी ती टाइप केली आणि पुसली.

"उघडली की विचारायचं थांबेल."

"विचारतंय कोण? यंत्र."

"माहीत आहे."

मी मेलला उत्तर लिहिलं: पाणी चढलंय. समुद्राकडून वारा आहे. धक्क्याची खालची पायरी बुडाली. आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या सकाळी तोच प्रश्न आला, त्याच शब्दांत. मी सुलिनाचा आकडा बघायला घेतला.