पाहुण्यांच्या हाती झाडू

अकोल्याच्या लोकांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. त्यांनी फक्त अकोल्यातच राहावं.

आमचं 'हातभार मंडळ' अमरावतीच्या कॉलेजात सुरू झालं. रविवारी एखाद्या गावात जायचं, पडेल ते काम करायचं आणि सोमवारी अंग दुखतंय म्हणून मिरवायचं. अकोल्याची शाखा आमच्यातूनच निघाली. ती बघता बघता एवढी फोफावली की त्यांना फिरायला अख्खी बस लागते, आणि इकडे आम्ही चार टाळकी. त्यातला नितेश कामापेक्षा जेवणासाठी येतो. हे तो स्वतःच सांगतो.

शेवटी मंडळ काढणाऱ्या सरोजिनीताईंचा मला फोन आला. येत्या रविवारचं आमचं श्रमदान बघायला अकोलेकर येतील. तोवर माणसं वाढली नाहीत, तर आमचं मंडळ अकोल्याच्या मंडळात विलीन. मी सेक्रेटरी. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते सगळं रागाचं होतं. आमच्याच पोराच्या घरी आम्ही पोटभाडेकरू व्हायचं?

आमचा अध्यक्ष स्वानंद फार सज्जन, म्हणजे मेंबर मिळवायला अगदी कुचकामी. संध्याकाळी होस्टेलच्या दारात उभा राहून तो पोरांना म्हणे, "बिझी असशील तर राहू दे." पोरं लगेच बिझी होत. मग मी जरा दरडावून पाहिलं. दोघे हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मला बघून रस्ता बदलू लागले.

निदान काम तरी दणक्यात दाखवू, असं ठरवलं. चांदूर बाजारकडच्या एका गावात शाळेचं मैदान गाजरगवतानं भरलं होतं. तिथल्या नत्थुजींना जाऊन भेटले. संत्र्याचे बागायतदार, गावात त्यांचा शब्द चालतो.

"काका, रविवारी अमरावती-अकोल्याची पोरं येतील. मैदान आमी साफ करतो."

"या बाप्पा, या," ते म्हणाले. "काई चिंता करू नका."

चिंता तिथेच करायला हवी होती.

रविवारी आम्ही फावडी-टोपल्या घेऊन उतरलो, तर मैदान लख्ख. गवताची काडी नाही. सडा, रांगोळी, मांडव. मागे गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. नितेशचा चेहरा उजळला. मी फावडं टाकून नत्थुजींकडे धावले.

"काका, हे काय? हेच तर आमी कराले आलो होतो!"

"मंग पाहुण्यायच्या हातात झाडू देऊ काय?" नत्थुजींना खरोखरच राग आला. "गावाची काही इज्जत हाय का नाही? बसा, रोडगे होऊन राहिले."

एवढ्यात अकोल्याची बस आली. त्यांचा अध्यक्ष सौमित्र गॉगल काढत उतरला. त्यानं मैदान पाहिलं, आम्हाला मोजलं. मोजायला वेळ लागला नाही.

"काय श्रावणी, माणसं चार अन् काम शून्य. ताईले काय सांगू?"

मी शाळेच्या भिंतीमागे गेले आणि तिथे मात्र रडू आवरेना. नत्थुजी शोधत आले.

"काहून रडून राहिली वो पोरी? भाजीत तिखट झालं काय?"

मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यांच्या पाहुणचारानं आमचं मंडळ बुडालं, हेही सांगितलं. ते डोकं खाजवत राहिले.

"कॉलेजचेच पोरं पायजे ना? मंग त्यायनंच तर मैदान साफ केलं. रागिणी! इकडं ये वो!"

चुलीकडून एक मुलगी आली, कोपरापर्यंत राख. मी बघतच राहिले. माझ्याच वर्गातली, माझ्या मागच्या बाकावरची. तिच्यामागे पोरापोरींचा घोळका. सगळे आमच्याच कॉलेजचे, रोज एसटीनं येणारे.

"मग तू मंडळात काहून नाही आली?"

"विचारलं कोणी?" रागिणी म्हणाली. "तुमी संध्याकाळी होस्टेलच्या दारात उभे राह्यता. आमची एसटी दुपारीच निघून जाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही रोज माझ्यामागे बसायची आणि मी मेंबर शोधत गावभर फिरत होते.

"आता विचारते. येता का आमच्यात?"

तिनं मागे पाहिलं, मग आमच्या चौघांकडे. "तुमी इतकुशे, आमी इतके. तुमीच या ना आमच्यात."

म्हणजे विलीन! "अन् नाव?" मी विचारलं.

"हातभारच राहू दे, चांगलं हाय. फक्त मीटिंग एसटीच्या आधी घ्याची."

आम्ही मांडवात येऊन हे सांगितलं, तसा जेवायला बसलेला सौमित्र पानावरून उठायला लागला. "हे नियमात बसते काय?"

"तुमी बसा," म्हणत नत्थुजींनी त्याच्या पानात आणखी एक रोडगा टाकला आणि वर तूप ओतलं. त्याला उठता येईना.

मी हुश्श म्हणत त्याच्या शेजारी पान घ्यायला वाकले, तर रागिणीनं दंड धरून मला ओढलं. हातात राखेची वाटी आणि समोर खरकट्या पराती.

"तू कुठं बसून राहिली? तिथं पाहुणे बसते," ती म्हणाली. "तू घास."

इतकं छान मला बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. मी बाह्या वर केल्या.