दुसरी खेप

सकाळी भोंग्याची गाडी खालच्या आळीतून फिरून गेली. धरणाचे दरवाजे उघडणार, नदीकाठच्या लोकांनी टेकडीवरच्या शाळेत जावं. आधीही दोनदा अशी गाडी आली होती आणि दोन्ही वेळा पाण्याने तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. म्हणून लोक आधी चहा प्यायले, मग आवराआवरीला लागले.

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या घरी मात्र धावपळ उडाली. मुलाचं वेल्डिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. त्याने टेम्पो दाराशी लावला आणि एकट्याने वेल्डिंगचं मशीन चढवलं. मग जनरेटर, ग्राइंडर, केबलची वेटोळी. काकू गुडघे धरत आतबाहेर करत होत्या. सूनबाईंनी धान्याचे डबे दिले, कपड्यांची बोचकी दिली आणि शेवटी टीव्ही आणला. तो त्यांनी काकूंच्या गोधडीत गुंडाळला होता.

"हा मागे ठेवला तर भिजेल हो," सूनबाई म्हणाल्या.

टेम्पोत पुढे ड्रायव्हर धरून तिघांची जागा. मुलगा बसला. सूनबाई नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. मधे टीव्ही.

कुणी काही ठरवलं नव्हतं. सगळं चढवून झालं तेव्हा काकू दारात उभ्या होत्या आणि गाडीत जागा नव्हती, एवढंच.

"आई, तू दुसऱ्या खेपेला," मुलगा म्हणाला. "हे टाकून आलोच अर्ध्या तासात. दार लावून बस, पाऊस आत येतोय."

"जा, जा. सावकाश चालव," काकू म्हणाल्या.

दार लावून त्या शिवणयंत्राशी बसल्या. दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवायचे राहिले होते. हाताला काम असलं की वेळ कळत नाही, म्हणून त्यांनी दोन अभ्रे शिवले. मग तिसरा. गल्लीतले आवाज एकेक करत बंद झाले. चौथा अभ्रा अर्ध्यावर असताना पायाला गार लागलं. उंबऱ्यावरून पाणी आत येत होतं, चोरासारखं, काही आवाज न करता.

त्यांनी अभ्रे उचलून कपाटावर ठेवले. दुसऱ्याचं कापड होतं. मग पाणी घोट्याच्या वर आलं तशी त्या शिवणाच्या टेबलावर चढल्या आणि तिथून माळ्यावर. एरवी त्या माळ्यावरून साधा डबा काढायला मुलाला हाक मारायच्या. त्या दिवशी गुडघ्यांनी कुरकुर केली नाही.

माळ्यावर ताठ बसता येत नव्हतं. खाली खुर्ची तरंगायला लागली, चपला तरंगल्या, दुकानातलं ऑइल पाण्यावर पसरून सगळ्या घराला वास सुटला. प्रत्येक आवाजाला त्यांना टेम्पो आल्यासारखा वाटला. अंधार पडल्यावर त्यांनी कान देणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी बचाव पथकाच्या दोघांनी माळ्याजवळच्या झरोक्याची जाळी कापून त्यांना बोटीत घेतलं. त्यातला एक चिडलेलाच होता. "आजी, एवढं घसा फोडून सांगतात तरी घर सुटत नाही ना? तुमच्यासारख्यांपायी आमचा जीव जायची वेळ येते." काकूंचे दात वाजत होते, त्यामुळे उत्तर जमलं नाही.

शाळेच्या मैदानावर मुलगा धावत आला. त्याने आईला कवेत घेतलं आणि तो रडला. ते रडणं खरं होतं. काकूंना त्याबद्दल कधीच शंका आली नाही. रात्रभरात त्याचा चेहरा पार उतरला होता. पण शेजारी वही घेऊन एक साहेब उभे होते. त्यांनी विचारलं, "या मागे कशा राहिल्या?"

मुलाने डोळे पुसले. "किती सांगितलं साहेब. ऐकतच नाही. हट्टी आहे आमची आई, घर सोडवत नाही तिला."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता. एवढ्या लोकांत पोराला उघडं कसं पाडायचं?

"हो," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं."

तोंडातून गेलेला तो शब्द मग गावभर झाला. चिखल उपसताना, पंचनाम्याच्या वेळी, दुकानात साबण घेताना, जो तो त्यांना चार शब्द ऐकवायचा. काकू, या वयात कसला हट्ट? पोराच्या जिवाला घोर लावलात. पोरं त्यांना हट्टीआजी म्हणायला लागली. काकू हसून घ्यायच्या.

मुलाने घर धुऊन काढलं. गंजलेलं शिवणयंत्र सुटं केलं, रॉकेलमध्ये भिजवलं, घासून पुन्हा जोडलं आणि चालतं करून आईपुढे ठेवलं. संध्याकाळी टीव्ही लागायचा तेव्हा काकू त्याच्याकडे पाठ करून काजं करत बसायच्या.

दूध डेअरीवाली त्यांची शेजारीण. एकदा ती ब्लाउज टाकायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "त्या दिवशी पाणी आळीत शिरेपर्यंत आमचे हे दोनदा येऊन गेले की. वासरं न्यायला. पुलावर पाणी होतं, पण खाणीचा रस्ता चालू होता. तुमचं दार बंद दिसलं, म्हणून वाटलं तुम्ही गेलात."

"खाणीचा रस्ता चालू होता?"

"टेम्पोसुद्धा जात होते."

काकूंनी टेप उचलली आणि तिचं माप घेतलं. ते चुकलं. पुन्हा घेतलं.

पुढच्या पावसाळ्याआधी तालुक्याहून एक मॅडम आल्या. पूर, वादळ, वीज, अशा वेळी काय करावं याची माहिती द्यायला शाळेत सभा होती. मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. वीज कडाडताना झाडाखाली थांबू नका, पत्र्यांवर दगड ठेवू नका, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मग म्हणाल्या, "आणि इशारा मिळाला की निघायचं. तुमच्याच गावातलं उदाहरण आहे. त्या आजी आल्यात का?"

लोक हसले, माना वळल्या. कुणीतरी काकूंना कोपराने ढोसून उभं केलं.

"आजी, सांगा बरं सगळ्यांना, घर न सोडल्यामुळे काय झालं?"

काकूंनी पदर सारखा केला. मुलगा दाराशी मित्रांबरोबर उभा होता. बोलायचं असं त्या ठरवून आल्या नव्हत्या.

"मी घर सोडत नव्हते असं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला वेल्डिंगचं मशीन गेलं. जनरेटर गेला. पुढच्या सीटवर टीव्ही गेला. मी दुसऱ्या खेपेत होते. दुसरी खेप झालीच नाही."

कुणी हसलं नाही. मग मागच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "अहो काकू, चारचौघांत पोराबद्दल असं बोलतात का? तेव्हा तर तुम्हीच म्हणालात, माझं चुकलं. आता शब्द फिरवता?"

"वय झालं की होतं असं," एक बाई हळूच म्हणाली; हळू, पण ऐकू येईल इतपत.

मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "म्हणजे वृद्धांना आधी हलवायचं, हा मुद्दा चांगला आहे," आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.

घरी आल्यावर मुलाने चपला भिरकावल्या. "मिळालं समाधान?"

काकूंनी त्याच्या चपला उचलून जागेवर ठेवल्या.

"मशीन गेलं असतं तर खाल्लं काय असतं आपण? हवा? पुलावरून पाणी जात होतं आई, मी काय पोहत येणार होतो?"

"खाणीच्या रस्त्याने आला असतास."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"तिकडं दरड येते," तो म्हणाला. "रिकामा टेम्पो... मी निम्म्यापर्यंत आलो होतो. मग भीती वाटली. झालं?"

"भीती वाटली तर वाटली. हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला असता," काकू म्हणाल्या. "मशीन आधी न्यायला हवं हेही मला कळतं. मी मान डोलावली असती. पण मला हट्टी कशाला केलंस?"

"मग लोकांना काय सांगायचं होतं?"

सूनबाई आत गेल्या आणि भांडी वाजायला लागली.

त्या पावसाळ्यात पुन्हा भोंग्याची गाडी आली. गाडी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत काकू पिशवी घेऊन डेअरीच्या व्हॅनमध्ये बसल्या होत्या. घरी त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. शाळेत पोचणाऱ्या त्या पहिल्या. त्यांना व्हरांड्यात बसलेलं बघून लोक कौतुकाने म्हणाले, "आली बरं अक्कल हट्टीआजीला."

पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी लोक आपापल्या घरी परतले. काकू परतल्या नाहीत. शाळेमागे डेअरीवालीच्या बहिणीची एक खोली रिकामी होती. एक खिडकी, सिमेंटची जमीन आणि बाहेर नळ. दवाखाना इथून जवळ होता, काम मिळण्यासारखं होतं.

मुलगा दुपारी आला. दारातच उभा राहिला.

"चल घरी, आई. झालं ते झालं. लोक काय म्हणतील?"

काकूंनी त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. टेम्पो उभा होता. मागे त्यांची ट्रंक, शिवणयंत्र आणि गादीची वळकटी दोरीने घट्ट बांधलेली होती. वर ताडपत्रीसुद्धा घातली होती.

"न्यायला आलास ना?" त्यांनी विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "ते... ती म्हणाली, असू दे बरोबर. लागलंच तर."

"उतरव," काकू म्हणाल्या.

त्याने भराभरा उतरवलं. मशीन खिडकीशी ठेवलं, डुगडुगत होतं म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, दोनदा हलवून पाहिलं. वळकटी कोपऱ्यात उभी केली. इतक्या दिवसांत तो इतका मोकळा झालेला काकूंनी पाहिला नव्हता. जाताना त्याने छताकडे बघितलं.

"दिवा नाही इथं. बल्ब आणून देतो संध्याकाळी."

"आण," काकू म्हणाल्या.

बल्ब संध्याकाळी आला. डेअरीवालीच्या हाती पाठवला होता.