भर थंडीतली माझी आंघोळ

मी एक जुनी, छोटी, पांढरी गाडी आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. गाडीच्या रागाची कोणी चौकशी करत नाही. फार तर म्हणतात, "आज सुरू होत नाहीये वाटतं." म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

माझा जन्म तेहरानजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्याच पांढऱ्या बहिणींच्या रांगेत मी उभी होते. पातळ पत्रा, लहान इंजिन, लहान चाकं. आमच्यासारखीला दारात आणून कोणी गल्लीला पेढे वाटत नाही. पण मला न्यायला आलेल्या कुद्रत आगाने माझ्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, "चल गं पोरी, तुला डोंगर दाखवतो." त्याने मला सबलान पर्वताच्या पायथ्याशी, आपल्या गावी आणलं.

कुद्रत आगा मधमाश्या पाळायचा. उन्हाळा आला की माझं मागचं आसन काढायचा, तिथे पेट्या रचायचा आणि आम्ही वर फुलांच्या कुरणांकडे निघायचो. एखादी पेटी नीट बंद झालेली नसायची. सुटलेल्या माश्या त्याच्या कानाभोवती फिरायच्या आणि तो त्यांची समजूत काढत चढण चढायचा. त्या दिवसांत माझ्या आसनांना मधाचा वास येई. अंगावर धूळ असायची, पण तिचं मला काही वाटत नव्हतं.

हिवाळा मात्र वेगळा. आमच्याकडे रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी चाकांनी उडतं आणि माझ्या पोटाला चिकटतं. धूळ नुसती दिसते. मीठ लोखंड खातं. हे कुद्रत आगाला पक्कं ठाऊक होतं. तो ऊन असलेल्या दिवसाची वाट बघायचा. भर दुपारी मला उन्हात उभी करायचा आणि कोमट पाण्याने आधी माझं पोट धुवायचा, मग बाकीचं अंग. दारांची रबरं, कुलपं, कडा कोरड्या फडक्याने पुसायचा. मग मला गावाबाहेर एक फेरी मारायला न्यायचा आणि हळूहळू ब्रेक दाबत यायचा, म्हणजे चाकांतलं पाणी तापून उडून जाई. रात्री हँडब्रेक ओढायचा नाही. गिअर टाकायचा आणि चाकामागे दगड लावायचा. लोक हसायचे. "आगा, गाडी आहे की तान्हं बाळ?" तो म्हणायचा, "बाळ रडून सांगतं तरी. ही मुकी आहे."

मग त्याची मूत्रपिंडं बंद पडली.

पेट्या दुसऱ्याकडे गेल्या. माझी किल्ली त्याच्या मुलीकडे, सोलमाजकडे आली. ती दूध संघात दुधाची तपासणी करते. शनिवार, सोमवार, बुधवार, उजाडता उजाडता ती वडिलांना माझ्यात बसवते आणि अर्दबीलच्या इस्पितळात नेते. तिथे एक यंत्र त्याचं रक्त गाळतं. दोन दिवसांत शरीरात साचलेलं पाणी काढून टाकतं. ते पाणी निघालं नाही तर आधी पाय सुजतात, मग श्वास लागतो. सकाळच्या पाळीला उशीर झाला तर यंत्र पुढच्या माणसाला द्यावं लागतं, आणि सणाच्या आधी तर पुढचा माणूस दारातच उभा असतो. म्हणून मित्रांनो, एक गोष्ट लक्षात घ्या: आमच्या घरात मी वेळेवर निघणं ही हौस नव्हती. कुद्रत आगाचा श्वास त्यावर चालत होता. मी एकदाही चुकले नव्हते.

आता माझ्या रागाचं कारण.

आमचं नवं वर्ष वसंताच्या पहिल्या दिवशी सुरू होतं. त्याआधी घरातली प्रत्येक वस्तू धुतली जाते. गालिचे, पडदे, भांडी, जुन्या चपलासुद्धा. वर्षातला शेवटचा मंगळवार होता. सोलमाज कामावर जाताना आईला सांगून गेली होती, "गाडीला कोणी हात लावू नका. गुरुवारी दुपारी मी धुणार आहे." आई, म्हणजे तूरान खानम, मान हलवून पडदे पिळत बसली. घरात सोलमाजचा मोठा भाऊही आलेला होता, त्याचं नाव यावर, आणि तिचं हे बोलणं त्यानेही ऐकलं होतं. तो तेहरानला मोबाईल विकतो आणि वर्षातून एकदा घरी येतो. त्या संध्याकाळी त्याचे होणारे सासूसासरे चहाला यायचे होते.

दुपार कलल्यावर शेजारचा मश्दी हैदर आपल्या पिकअपमधून उतरला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "काय यावर, व्याही येणार म्हणे आज! त्यांना आधीच सांगून ठेव हं, दारात उभी आहे ती गाडी आहे. नाहीतर बटाट्याचं पोतं समजून उचलायला जातील."

यावरचे कान लाल झाले. त्याने नळाला पाइप लावला.

कुद्रत आगाने खिडकीची काच वाजवली. "यावर! आत्ता पाणी मारू नकोस. ऊन उतरलंय."

"बाबा, हिवाळा संपला की आता! वसंत दारात आलाय."

"दारातच आहे, आत नाही आला. उद्या मला निघायचंय."

"म्हणून तर! चकाचक गाडीतून जा की."

"अहो, राहू दे ना," तूरान खानम मागून म्हणाली. "वर्षाकाठी एकदा येतं पोरगं, हौसेनं काम करतंय. तुम्ही पडून राहा बघू."

आणि मग माझी आंघोळ झाली. त्याने पाण्याची धार थेट दारांच्या फटींत मारली. कुलपांत मारली. भांडी घासायच्या साबणाने माझा रंग खरवडला. पोटाखाली, जिथे अख्ख्या हिवाळ्याचं मीठ बसलं होतं, तिथे तो वाकलासुद्धा नाही. तिथे पाहुणे बघत नाहीत ना! मग मला गल्लीच्या चढावर भिंतीलगत लावलं, हँडब्रेक कचकन ओढला, लांब जाऊन माझा फोटो काढला आणि हात चोळत आत गेला.

सोलमाज अंधार पडताना आली. गल्लीत रिवाजाप्रमाणे शेवटच्या मंगळवारचे जाळ पेटले होते, मुलं त्यांवरून उड्या मारत होती. त्या उजेडात मी चमकत होते. ती दारातच थांबली.

"गाडी कोणी धुतली?"

"मी," यावर म्हणाला. "आभार नको मानूस."

"कुलपं पुसलीस? रबर?"

"पुसलं गं बाई सगळं. पाहुणे बसलेत, चहा आण आधी."

त्याने काहीही पुसलं नव्हतं. तिने भावावर विश्वास ठेवला. मी ओरडले असते, मित्रांनो, पण माझा हॉर्न माझ्या हातात नाही.

पाणी गोठताना फुगतं. शाळेत तुम्हीही हे शिकता आणि परीक्षा झाली की विसरता. कुलपाच्या आत एक थेंब मावतो, पण त्याचं बर्फ मावत नाही. ब्रेकच्या पात्या ओल्या असताना चाकाच्या डब्याला दाबून ठेवल्या, तर त्या तिथेच चिकटतात. त्या रात्री मी माझ्या सांध्यासांध्यांत आवळली गेले.

बुधवारी सकाळी गल्ली रिकामी होती. वर्षातल्या शेवटच्या बुधवारी आमच्याकडे सगळे उजाडताच झऱ्यावर जातात, वाहतं पाणी ओलांडतात आणि घागर भरून आणतात. ते पाणी वर्षभर बरकत देतं म्हणतात. तूरान खानमही गेली होती. सोलमाजने वडिलांना कोट चढवून बाहेर आणलं. त्यांचे पाय बुटात मावत नव्हते. तिने किल्ली लावली. किल्ली आत जाईना.

"दादा!" तिने हाक मारली. "दादा, बाहेर ये!"

यावर डोळे चोळत आला. काडी पेटवून किल्ली तापवली, तेव्हा तिच्या बाजूचं कुलूप फिरलं. वडिलांच्या बाजूचं दार त्याने पाय लावून ओढलं. ते उघडलं, पण रबर फाटून दाराला लटकत राहिलं, आणि वडिलांना आत बसवून पुन्हा लावायला गेले तर खटका गोठलेला, दार बंद होईना. ते त्याने आपल्या मफलरने आतून बांधलं. समोरच्या काचेवर बर्फाचा थर होता. सोलमाज चाकांपाशी वाकून लाकडी मोगरीने ठोके मारत होती, तेवढ्यात यावर घरातून चहाच्या समोवारमधलं उकळतं पाणी घेऊन आला.

"नको!" ती ओरडली.

ओतलं. काचेचा वरचा थर तापून फुगला, खालचा थंडच राहिला. एक रेघ टचकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"तुला अक्कल आहे का रे?" सोलमाजचा आवाज फाटला. "तुला काय वाटलं, अंडी उकडतोयस?"

"मदत करतोय मी!"

"कालपासून करतोयस!"

"पोरांनो," कुद्रत आगा आतून म्हणाला. त्याला एका दमात तेवढंच बोलता आलं. सोलमाज पुन्हा चाकापाशी वाकली.

डावं चाक सुटलं होतं. उजवं सुटल्यासारखं वाटत होतं. थांबायला वेळ नव्हता. सोलमाजने मला सुरू केलं आणि मी चढ चढू लागले, मागचं उजवं चाक तसंच फरफटत ओढत. नेमकी तेव्हाच तूरान खानम झऱ्यावरून आली. तिने पाहिलं, आपली माणसं प्रवासाला निघाली आहेत. प्रवासाला निघालेल्याच्या पाठीमागे आमच्याकडे पाणी ओततात, म्हणजे तो पाण्यासारखा सहज आणि सुखरूप परत येतो. आणि आज तर तिच्या घागरीत वर्षाच्या बरकतीचं पाणी होतं. तिने तोंडातल्या तोंडात दुआ म्हटली आणि अर्धी घागर माझ्यामागे ओतली.

गल्लीतल्या दगडांवर सूर्य अजून पोचला नव्हता. ते दगड रात्रभरच्या कडाक्यात गारठले होते. पाणी त्यांवर पसरलं आणि पसरता पसरताच काचेसारखं झालं.

मी अडखळले. सोलमाजने पुन्हा जोर लावायला क्षणभर पाय उचलला आणि मी मागे घसरले. माझी मागची चाकं त्या पाण्यावर आली. मित्रांनो, चाकाला जमीन लागते. जमीन नसेल तर ब्रेकही नाही, दिशाही नाही. मी माझ्या वजनाने खाली निघाले, आणि खाली तूरान खानम उरलेली अर्धी घागर घेऊन उभी होती.

"आई!" यावरने तिला हाताला धरून भिंतीकडे खेचलं. घागर माझ्या चाकाखाली चेपली. माझं उजवं मागचं चाक गल्लीच्या कडेच्या पाण्याच्या चरीत कोसळलं आणि मी तिरकी होऊन भिंतीला टेकले.

कुद्रत आगा मागच्या मागे कलंडला होता. छातीत पाणी साचलेल्या माणसाला आडवं करू नये. बसला तर श्वास येतो, निजला तर बुडतो. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून त्याच्या बाजूचं उजवं दार भिंतीला दाबलं गेलं होतं. त्याचे ओठ निळे पडू लागले. सोलमाजने त्याच्या पाठीखाली आपला खांदा घातला आणि त्याला वर रेटून धरलं. यावर तिच्या दाराने आत घुसला, आणि दोघांनी मिळून म्हाताऱ्याला त्याच वरच्या बाजूच्या दाराने ओढून बाहेर काढलं. तूरान खानम नुसती म्हणत होती, "मी तर परत यावेत म्हणून... मी तर परत यावेत म्हणून ओतलं..."

झऱ्यावरून परतलेल्या मश्दी हैदरने हातातली घागर खाली ठेवली. पिकअप सुरू केला. सोलमाज वडिलांना धरून पुढे बसली, ते निघून गेले, आणि मी चरीत राहिले. लखलखीत.

पुढचं मी संध्याकाळी ऐकलं. ते उशिरा पोचले, यंत्र दुसऱ्याला लावलेलं होतं. बाजूच्या खाटेवरच्या एका बाईने, तिचं नाव सोलमाजला विचारायचंही सुचलं नाही, नर्सला सांगितलं, "माझं थोडं लवकर थांबवा. ह्यांना बसवा." म्हणून कुद्रत आगा घरी परत आला.

यावर दारात उभा होता. "सोलमाज, मी..."

"कालच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "'पुसलं नाही' एवढंच. मी चहा ठेवून बाहेर आले असते, पुसलं असतं. तू सुट्टी संपली की जाशील, दादा. शनिवारी सकाळी मला निघायचंय."

तूरान खानम रडत होती, तिच्यावर कोणी शब्दही काढला नाही. मीही काढत नाही. तिने प्रेमाने ओतलं आणि तिला ठाऊक नव्हतं. त्याला मात्र सांगितलं होतं. बापाने सांगितलं होतं, बहिणीने सांगितलं होतं. त्याने पाहुण्यांचे डोळे मोजले, बापाचा श्वास नाही. मला अजून राग आहे, आणि तो गेला असं खोटं मी सांगणार नाही.

गुरुवारी भर दुपारी मला उन्हात लावलं. काचेला भेग, दाराला नवं रबर, मागचा दिवा फुटलेला. यावर पाठीवर झोपून माझ्या पोटाखाली शिरला. कोमट पाणी त्याच्या बाहीत शिरत होतं. कुद्रत आगा खुर्ची टाकून शेजारी बसला होता आणि मोजून दोनच शब्द बोलत होता, "अजून आत." रस्त्याने जाणाऱ्या होणाऱ्या सासऱ्यांनी हे पाहिलं आणि ते थबकले. यावर बाहेर आला नाही. हात चालवत राहिला.

मित्रांनो, थंडीत मला धुवायचं असेल तर दुपारी धुवा, कोमट पाण्याने धुवा, जिथे कोणी बघत नाही तिथे आधी धुवा, आणि धुतल्यावर पुसा. एवढा वेळ नसेल तर मला मळकी ठेवा. मळाने माझं काही अडत नाही. आणि कोणी "काय सुंदर दिसते तुमची गाडी" म्हणालं, तर हुरळून जाऊ नका. बाहेर येऊन माझ्या दाराला हात लावून बघा, आणि तुमच्या घरातलं जे माणूस माझ्या भरवशावर निजलं आहे त्याची आठवण ठेवून मला एकच गोष्ट विचारा: उद्या सकाळी निघशील ना?