सैल खिळीची कात्री

मठातली कात्री आदल्या आठवड्यात मोडली होती. दिवाबत्ती बघणारा म्हातारा साधू तिने द्राक्षारसाच्या पिंपाचं बूच उपटायला गेला आणि एक पातं बुचातच राहिलं. विटोसावा घोड्यावरून उतरते न उतरते तोच मठाधिपती तेओफान तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्याकडे कात्री आहे का? नाहीतर मेंढवाड्यातली आणावी लागेल."

"मेंढरांची?" तिचा दीर ग्रुबाच खोगिरावरूनच म्हणाला. "आणा की! दादाचेच केस कापायचेत ना? दोन वर्षं तो मेंढरासारखाच झालाय. बोलत नाही, हसत नाही, नुसता डोंगराकडे बघत बसतो."

"भाऊजी, खाली उतरा आधी," विटोसावा म्हणाली. "देवाच्या दारात तरी जीभ आवरा."

तिने कमरेच्या थैलीतून आपली कात्री काढून दिली. दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्याकडून लग्नात आलेली, मधोमध खीळ असलेली. त्या कात्रीने तिने मुलींची अंगडी बेतली होती, पहिल्या बाळाची नाळ कापली होती, आणि गेली एकवीस वर्षं दर मोठ्या उपासाच्या आधी अंगणातल्या अक्रोडाखाली बसवून नवऱ्याचे केस कापले होते. आजही त्याचे केस त्याच कात्रीने कापले जाणार होते. फक्त हात दुसऱ्याचा.

दोन वर्षांपूर्वी सुलतानाचं बोलावणं आलं, तेव्हा तिचा नवरा ओब्राद इतर सरदारांबरोबर व्लाखांच्या मुलखात लढायला गेला. मांडलिकाला नाही म्हणता येत नाही. समोरचे लोक आपल्याच धर्माचे होते, छातीवर क्रूसाची खूण करून अंगावर येत होते. तो धडधाकट परत आला, पण जेवताना मध्येच हात थांबायचा. मग एके दिवशी म्हणाला, "मला मठात जायचंय."

लग्न झालेल्या पुरुषाला बायकोच्या होकाराशिवाय साधू होता येत नाही. महिन्यापूर्वी तेओफान स्वतः घरी आले आणि क्रूस पुढे धरून त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला वाटलं होतं, आपण अडवलं नाही तर तोच थांबेल. अडवलेलं घोडंच उधळतं, हे तिला माहीत होतं. पण तो थांबला नाही.

देवळात दुपारचं ऊन वरच्या अरुंद खिडक्यांतून तिरकं येत होतं. ओब्राद दारातून आत आला, अनवाणी, पायघोळ पांढऱ्या सदऱ्यात. सदरा तिनेच शिवला होता. उजवी बाही अर्ध्या बोटाने लांब झाली होती, ते तिला आत्ता दिसलं.

तेओफानांनी कात्री जमिनीवर टाकली.

"उचल आणि मला दे."

हा रिवाज तिला ठाऊक होता. तीनदा टाकायची, तीनदा त्याने उचलून द्यायची. कुणी ढकललं म्हणून आलेला माणूस तीनदा वाकत नाही, असं म्हणतात. ओब्रादने उचलली, दिली. पुन्हा टाकली. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा कात्री फरशीवरून घसरत तिच्या बाजूला आली. तिला वाटलं, पाय पुढे करावा आणि झग्याच्या घेराखाली झाकून टाकावी. तो गुडघ्यांवर सरकत आला, तिच्याकडे न बघता कात्री घेऊन परत गेला.

मठाधिपतींनी त्याच्या टाळूवरची बट धरली आणि कात्री चालवली.

केस कापलेच गेले नाहीत. दोन पात्यांमध्ये दुमडून तसेच राहिले.

त्यांनी पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

आणि विटोसावाला आठवलं. खीळ सैल होती! किती वर्षं झाली असतील. पाती एकमेकांपासून फाकतात, मधलं ते दुमडतं. अंगठ्याने एक पातं दुसऱ्यावर तिरकं रेटून धरलं की मगच कापते. तिच्या अंगठ्याला हे इतकं सवयीचं झालं होतं की सांगायचं सुचलंच नव्हतं. मोलकरणींना ती कात्री कधी चालली नाही. "बाईसाहेब, तुमची कात्री तुमच्यासारखीच, दुसऱ्याचं ऐकत नाही," असं त्या म्हणायच्या.

साधूंमध्ये कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्या दिवाबत्तीवाल्याने क्रूस केला. "देवाला मान्य नाही."

"मी सांगत होतो ना," ग्रुबाच तिच्या कानाशी पुटपुटला. "वहिनी, घोडी खोगिरं घालूनच ठेवलीत."

तेओफानांनी कात्री उजेडाकडे धरून पाहिली. "सरदार," ते हळूच म्हणाले, "आपण थांबू या. घरी जा. पुढच्या वर्षी, याच दिवशी, वाटलं तर परत या."

एक वर्ष! विटोसावाने शेजारचा खांब धरला. एका वर्षात अक्रोड पुन्हा धरेल. धाकटीचं लग्न होईल, तो वऱ्हाडापुढे चालेल. जेवताना थांबलेला हात कदाचित पुन्हा हलेल. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. ती गप्प राहिली.

ओब्राद गुडघ्यांवरच होता. त्याने मान वळवली आणि देवळात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, रागाने नाही.

मग त्याने हात वर केला आणि मठाधिपतींचा अंगठा धरला.

"असा," तो म्हणाला. "हे पातं आत रेटा. थोडं तिरकं. हं, आता."

कर्र्. बट फरशीवर पडली. तिच्यात पांढरे केस किती झाले होते!

अंगठ्याची ती खुबी तिने एकदाही त्याला सांगितली नव्हती. केस कापताना तो डोळे मिटून बसायचा, डुलक्या घ्यायचा, असंच ती समजत होती. एकवीस वर्षं तो तिचा अंगठा बघत होता.

विधी संपल्यावर सगळे एकेक करून त्याच्यापुढे गेले. साधू झालेल्याला नवं नाव मिळतं, ते प्रत्येकाने त्याला विचारायचं असतं. ग्रुबाच रडत होता, त्याला विचारताच येईना. मग तिची पाळी आली. जवळून त्याच्या अंगाला मेणाचा वास येत होता.

"आपलं नाव काय?" तिने विचारलं.

"ओनुफ्रिये," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "पापी ओनुफ्रिये."

"माझ्यासाठी प्रार्थना करा, ओनुफ्रिये बाबा."

त्याने मान हलवली. मागचा माणूस पुढे सरकला, तिला बाजूला व्हावं लागलं.

अंगणात तेओफानांनी कात्री परत दिली. "खीळ ठोकून घ्या, बाई. लोहार आहे आमच्याकडे, दोन घावांचं काम आहे."

"नको," ती म्हणाली.

"अहो, वहिनी, कुणाला चालत नाही ती," ग्रुबाच डोळे पुसत म्हणाला. "आता तुमच्याशिवाय..."

"दोघांना चालते," विटोसावा म्हणाली, आणि कात्री थैलीत टाकून तिने रिकिबीत पाय ठेवला. ओब्रादचा घोडा मोकळ्या खोगिराने तिच्या मागोमाग आपणहून चालू लागला.